स्पिनला विमानासारखा आवाज! बेअरिंग बदलू की मशीनच?

सई_हिंगणे | १८ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

आमचं ७ किलोचं फ्रंट लोड मशीन २०१५ साली घेतलेलं. होळीच्या सुमारास स्पिनला घरघर सुरू झाली. आधी वाटलं, ब्लँकेट टाकलं होतं म्हणून असेल. मग दर आठवड्याला आवाज चढत गेला आणि आता शेवटच्या स्पिनला लोहगावचं विमान गच्चीवर उतरतंय असं वाटतं. खालच्या काकू दोनदा येऊन विचारून गेल्या.

गेल्या आठवड्यात कंपनीच्या सेंटरचा माणूस आला. ४५० रुपये व्हिजिट चार्ज घेतला, मशीन लावून दोन मिनिटं ऐकलं, उघडलं नाही. म्हणाला, "मॅडम, बेअरिंग गेलंय. आमच्याकडे सुटं बेअरिंग येत नाही, अख्खा टब सेट बदलावा लागेल." टबचे १२,८०० रुपये, मजुरी वेगळी, पार्ट यायला तीन आठवडे. जाताना एक्सचेंज ऑफरचं पत्रक ठेवून गेला.

सासूबाई फेब्रुवारीपासून अंथरुणाला खिळल्या आहेत. रोज दोन चादरी, दोन गाऊन, टॉवेल. पाऊस लागल्यापासून स्पिन नीट झाला नाही की चादर दोन दिवस ओलसर राहते, आणि त्या ओलसर चादरीवर मी त्यांना निजवू शकत नाही. पाठीला जखम होण्याची भीती असते.

पैशांचा प्रश्न आहेच. पण मोटर चालते, पाणी गरम होतं, बोर्ड शाबूत आहे, आणि एका बेअरिंगपायी सगळं भंगारात घालायचं हे मनाला पटत नाही. कुणी नुसतं बेअरिंग बदलून घेतलंय का? पुण्यात सुटं मिळतं का?

निळासावळा | १८ जून, रात्री ११:२५

सईताई, बेअरिंगच गेलंय हे आधी स्वतः पक्कं करा. त्या माणसाने उघडून पाहिलेलंच नाही.

प्लग काढा. दार उघडून ड्रमचा वरचा काठ आतून धरा आणि वर उचला. ड्रम आणि त्याच्या तोंडाचं रबर एकत्र हललं तर काळजी नको, ड्रमबाहेरचा पाण्याचा टब स्प्रिंगांवर टांगलेलाच असतो. रबर जागेवर राहून ड्रम एकटाच हलला तर बेअरिंगला प्ले, म्हणजे ढिलेपणा आलाय. मग ड्रम हाताने सावकाश फिरवा आणि कान वरच्या पत्र्याला लावा. चांगलं बेअरिंग मुकाट फिरतं. खराब झालेलं खरखरतं, वाळूवरून चाक गेल्यासारखं.

जमलं तर मागचं झाकणही काढून बघा. मधल्या शाफ्टखाली (ड्रम ज्यावर फिरतो त्या दांड्याखाली) तपकिरी ओघळ असेल तर मग शंका उरत नाही.

हे सांगतोय कारण आमच्याकडे अशाच आवाजावर बेअरिंगचं निदान झालं होतं. प्रत्यक्षात ड्रम आणि टबच्या मधे ब्लाउजचा हुक आणि दहाचं नाणं निघालं.

सई_हिंगणे | १९ जून, दुपारी २:१०

निळासावळा, खूप आभार. सगळं करून बघितलं. ड्रम एकटाच हलतो, बोटभर नाही पण हाताला स्पष्ट कळतो. कान लावल्यावर अगदी वाळू.

मागचं झाकण चार स्क्रूंचं होतं. बेल्ट नाही, मोठ्या ताटासारखा रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग आहे. त्याच्या मागून खालपर्यंत ओघळ आलाय, फिल्टर कॉफीच्या रंगाचा, बोट लावलं तर चिकट. म्हणजे पाणी आणि ग्रीस एकत्र झालंय ना?

टूलरूम | १९ जून, संध्याकाळी ७:५०

सई, होय. ती ओघळ म्हणजे सगळी कथा आहे. मी पिंपरीत ३३ वर्षं टूलरूममध्ये काढली, मशीन्स वेगळी, पण बेअरिंग सगळीकडे सारखंच मरतं. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

तुमचं बेअरिंग झिजून गेलेलं नाही, ते बुडून गेलंय. ड्रमच्या मागे शाफ्टवर एक वॉटर सील असतं, त्यामागे मोठं बेअरिंग, त्याच्यामागे छोटं. सीलचा रबरी ओठ कडक झाला की साबणाचं पाणी थेंबाथेंबाने आत शिरतं, ग्रीस धुऊन नेतं आणि गोळ्यांवर गंज चढतो. म्हणून सील न बदलता नुसतं बेअरिंग बदललं तर सहा-आठ महिन्यांत पुन्हा तेच. बरेच लोक "बेअरिंग बदललं पण टिकलं नाही" म्हणतात, त्यातल्या अनेकांचं जुनं सील तसंच बसवलेलं असतं.

या जागेवर जोर किती येतो ते बघा. १२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला २० फेरे. ड्रमचा व्यास ४८ सेंटिमीटर धरला तर काठावरच्या कपड्यावर त्याच्या वजनाच्या साधारण ३८५ पट जोर येतो. एका बाजूला ३०० ग्रॅम जास्तीचं ओलं कापड गोळा झालं तर शाफ्टला शंभर किलोहून जास्त ओढ बसते, तीही सेकंदाला वीस वेळा दिशा बदलत. एकटी जाड चादर किंवा एकटं पायपुसणं मशीनला लावू नये ते यासाठी. सोबत दोन टॉवेल टाका.

आता पार्टबद्दल. "सुटं येत नाही" याचा अर्थ त्यांच्या यादीत सुटं नाही एवढाच. बेअरिंग जगभर ठरलेल्या मापांत बनतं. वॉशिंग मशीनमध्ये बहुधा ६२०३ ते ६२०६ मधलीच दोन असतात. शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणलं की आतल्या भोकाचं माप येतं. ६२०५ म्हणजे २५ मिलिमीटर, बाहेरून ५२, जाडी १५. ६२०६ म्हणजे ३०, ६२, १६. (०४ च्या खालच्यांना हा हिशेब लागू नाही, ६२०३ चं भोक १७ आहे.) नंबर बेअरिंगच्या कडेवर कोरलेला असतो, गंजलेलं असलं तरी पॉलिश पेपर मारला की वाचता येतो. पुढे झेडझेड असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण, टू आरएस असेल तर रबराचं. मी इथे रबराचं घेईन.

नाना पेठेत गाड्यांच्या पार्ट्सच्या बाजारात बेअरिंगची दुकानं आहेत, तिथे नंबर सांगितला की हातात ठेवतात. चांगल्या कंपनीचं घ्या, पक्कं बिल मागा. चिंचवडला बेअरिंग बनवणाऱ्या एसकेएफ कंपनीचा कारखाना असलेल्या गावात नकली माल घेण्याची वेळ कुणावर येऊ नये, पण नकली माल फिरतो हेही खरं. छपाई पुसट, खोक्यावरचा आणि कडेवरचा नंबर वेगळा, किंमत निम्मी, असं दिसलं की परत ठेवा.

सील मात्र मशीन उघडल्यावर जुनं हातात घेऊनच आणा. त्याच्यावर आतलं माप, बाहेरचं माप, जाडी असं लिहिलेलं असतं.

उघडल्यावर दोन गोष्टी नक्की बघा. एक, ड्रमच्या पाठीवरची तीन पायांची स्पायडर, ड्रमला शाफ्टशी जोडणारी. ती ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, ड्रम स्टेनलेस स्टीलचा. दोन वेगळे धातू, मधे साबणाचं पाणी, त्यामुळे ॲल्युमिनियम खात जातं. पांढरी पूड आणि चिरा असतील तर नवी स्पायडर लागेल, तडजोड नको, ती स्पिनमध्ये तुटली तर टब फोडते. दोन, शाफ्टवर सील जिथे घासतं तिथली बुश, म्हणजे धातूचं गोल कडं. तिच्यावर नखाला अडकेल अशी खाच पडली असेल तर नवं सीलही गळेल.

वाघोलीकर | १९ जून, रात्री ९:०५

टूलरूमकाका, वाचनखूण साठवली. असं समजावून कुणी सांगत नाही.

थोडं अवांतर. आमच्या सोसायटीला वर्षातले सात-आठ महिने टँकर आणि बोअरचं पाणी. आमचा हीटर पाच वर्षांत दोनदा गेला. दुसऱ्यांदा बाहेर काढला तेव्हा त्याच्यावर चुनखडीचा इतका जाड थर होता की मूळ नळी दिसत नव्हती. पाणी जड असलं की गरम करताना क्षार सगळे हीटरवरच बसतात, उष्णता बाहेर जात नाही आणि आतली तार जळते.

मल्टिमीटर असेल तर प्लग काढून, हीटरच्या वायरी सुट्या करून दोन टोकांत मोजा. २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टला साधारण २६ ओहम दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर तार तुटली. आणि टोक ते बॉडी काही दाखवत असेल तर करंट बॉडीत उतरतोय, मशीन लावूच नका.

आता दर दोन महिन्यांनी रिकामं मशीन ६० अंशांवर १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड टाकून चालवतो. तिसरा हीटर चार वर्षं झाली, अजून तोच आहे. सईताई, तुमच्याकडे महापालिकेचं पाणी असेल तर हा त्रास कमी असणार.

ओंकार७ | २० जून, सकाळी ८:३०

मी थोडं थांबवणारं बोलतो, राग मानू नका.

फ्रंट लोड स्वतः उघडणार असाल तर एकट्याने मुळीच नको. ६० ते ७० किलो वजन, त्यात सिमेंटची वजनं. माझ्या मेव्हण्याचा पाय टबखाली आला, दोन बोटं फ्रॅक्चर.

दुसरं, काही मशीन्सचा टब दोन अर्ध्या भागांचा पण कारखान्यातच वितळवून जोडलेला असतो. त्याला स्क्रू नसतात. आम्ही तसा टब हॅकसॉने कापून बेअरिंग बदललं, सिलिकॉन आणि नटबोल्टने परत जोडला. तीन महिने चालला, मग सांध्यातून गळायला लागला. आधी टबच्या कडेला बॅटरी मारून स्क्रू दिसतात का बघा. दिसत नसतील तर सेंटरचा माणूस खरं बोलत होता असं समजा.

तिसरं अर्थिंग. आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये मशीनच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या यायच्या. दोन मेकॅनिकनी बोर्ड बदलायला सांगितला. तिसऱ्याने सॉकेट उघडून दाखवलं, अर्थची वायर जोडलेलीच नव्हती. आतल्या विजेच्या फिल्टरमुळे असा थोडा करंट पत्र्यावर येतो आणि अर्थिंगमधून निघून जातो. अर्थिंगच नसेल तर आपल्यातून जातो. तीन हजारांचा बोर्ड वाचला आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ओल्या पायांनी तिथे उभी राहणारी आई वाचली.

पेठेतली_मावशी | २० जून, दुपारी ४:१५

माझं सेमी ऑटोमॅटिक, म्हणून कुणाला उपयोग झाला तर लिहिते. वय ६८, दोन खोल्यांत मी एकटी असते.

स्पिन फिरेना. नुसतं हूंऽऽ करून थांबायचं. समोरच्या दुकानातला म्हणाला मोटर जळली, २,४०० रुपये. माझा भाचा इलेक्ट्रिशियन आहे, त्याने फोनवरच सांगितलं, "मावशी, मोटर जळली असती तर वास आला असता. मोटरला फिरायला जोर देणारा कंडेन्सर बघू." रविवारी आला. आधी झाकणाची ब्रेकची वायर तपासली, ती ढिली पडली तरी टब धरून ठेवते. ती ठीक होती. मग कंडेन्सर काढला, त्याच्या दोन टोकांना इन्सुलेटेड तारेतून बल्ब लावून आधी रिकामा केला, कारण प्लग काढला तरी त्यात करंट साठलेला राहतो. त्यावर १० आणि ५ मायक्रोफॅरड लिहिलेलं. मीटरवर स्पिनचा ५ चा भाग २ सुद्धा भरेना.

मी स्वतः चालत इलेक्ट्रिकच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत गेले, जुना कंडेन्सर पिशवीत घालून. दुकानदाराने उलटा करून वाचला आणि तसाच दुसरा दिला. १८० रुपये. तोच आकडा, तेवढाच व्होल्टेज, हे भाच्याने चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. तेव्हापासून दोन वर्षं झाली.

सई बाळा, सासूबाईंच्या चादरींखाली प्लास्टिकऐवजी रबरी कापड आणि वर जुनं सुती लुगडं घाल. लुगडं हाताने पिळून पंख्याखाली तासाभरात वाळतं. मशीन होईपर्यंत तेवढाच आधार.

ग्राहकमित्र | २० जून, संध्याकाळी ६:४०

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं आहे. घरगुती उपकरणं त्यात येतात. तुमच्या कंपनीची सर्व्हिस आणि सुट्या पार्ट्सची माहिती तिथे आहे का बघा. न उघडता निदान केल्याबद्दल तक्रार करायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. व्हिजिटची पावती जपून ठेवा, आणि पुढच्या वेळी निदान लेखी मागा.

सई_हिंगणे | २८ जून, रात्री ११:००

मंडळी, झालं! मशीन चालू आहे. मी आत्ता स्वयंपाकघरात बसून हे लिहिते आहे आणि बाल्कनीत स्पिन चाललाय. पाण्याचा आवाज ऐकू येतो, मशीनचा नाही.

ओंकार, तुमचं ऐकलं, स्वतः उघडलं नाही. आनंदनगरमध्ये एक मेकॅनिककाका आहेत, पूर्वी सेंटरलाच होते, आता स्वतःचं काम करतात. फोनवरच म्हणाले, "टबला स्क्रू आहेत का बघा, मग येतो." बॅटरी मारून बघितलं, कडेने सगळीकडे स्क्रू होते. मजुरी २,२०० ठरली, पार्ट मी आणायचे. मी सगळा वेळ मदतीला होते. त्यांनी कनेक्टर काढण्यापूर्वी प्रत्येकाचा फोटो मला काढायला लावला, आणि जोडताना दोनदा त्याचाच आधार घ्यावा लागला.

टब बाहेर काढायला दीड तास गेला. मी, काका आणि आमचे हे, तिघांनी मिळून तो जुन्या गादीवर पालथा ठेवला. रोटरचा मधला बोल्ट निघता निघेना. काकांनी गंज सोडवणारा स्प्रे मारून चहा मागितला, म्हणाले, घाई केली तर डोकं गोल होईल. वीस मिनिटांनी एका झटक्यात सुटला. शाफ्टवर थेट हातोडी नाही, लाकडाचा ठोकळा ठेवून ठोकलं, तेव्हा ड्रम बाहेर आला.

आणि मग बेअरिंग. मोठ्या बेअरिंगचं पत्र्याचं झाकण गळूनच पडलं होतं. गोळ्यांवर लाल गंज, आत ग्रीसच्या जागी तपकिरी चिखल. बोटात धरून फिरवलं तर फिरण्याऐवजी अडकत अडकत सरकत होतं. टूलरूमकाका, पॉलिश पेपर मारल्यावर नंबर वाचता आले, ६२०६ आणि ६२०५. स्पायडरला पांढरी पूड होती पण ब्रशने घासल्यावर खाली धातू शाबूत, चीर नाही. बुशवर नख फिरवलं, अडकलं नाही. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

माझी एक चूक सांगते. घाईत मी सील आधीच, मशीनची क्षमता आणि मॉडेल सांगून आणून ठेवलं होतं. त्यावर ३५-६५.५५-१०/१२ लिहिलेलं. जुनं निघालं त्याच्यावर ३७-६६-९.५/१२. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसत होती. काकांनी शाफ्टवर चढवून बघितलं तर चढेचना. तसंच दाबून बसवलं असतं तर ओठ पहिल्याच दिवशी फाटला असता. टब तसाच उघडा ठेवून मी बसने स्वारगेटला, तिथून मेट्रोने मंडईला गेले, जुनं सील दाखवून बदलून आणलं. दुकानदाराने न कुरकुरता वरचे २० रुपये घेऊन बदलून दिलं. सगळी संध्याकाळ त्यात गेली, काका दुसऱ्या दिवशी परत आले. तेवढ्यात नवी बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये राहिली. सकाळी टबची जागा गरम पाण्याच्या फडक्याने शेकली, आणि जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग वर ठेवून हलक्या हाताने ठोकत नेलं. शेवटपर्यंत गेल्यावर ठोक्याचा आवाज बदलतो, ठक ऐवजी टण्ण. काका म्हणाले, "ऐकलं? बसलं."

खर्च असा: ६२०६ चे ४२०, ६२०५ चे ३१०, सील २८०, ग्रीस १५०, मजुरी २,२००. एकूण ३,३६० रुपये.

पेठेतल्या मावशी, लुगड्याची युक्ती या आठवड्यात फार कामाला आली. सासूबाईंना त्या मऊ सुताची इतकी सवय झाली की आता तेच घाल म्हणतात.

टूलरूम | २९ जून, सकाळी ६:५५

सई, उत्तम काम. टण्ण ऐकून मलाही बरं वाटलं.

ग्रीस कोणतं लावलं? सीलच्या ओठांमध्ये सिलिकॉन बेसचं वॉटरप्रूफ ग्रीस हवं. आणि नवं बेअरिंग बसवताना बाहेरच्या कड्यावरच ठोकलंत हे योग्य. आतल्या कड्यावर ठोकलं तर गोळ्यांचे ठसे मार्गावर उमटतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुणगुणतं.

सई_हिंगणे | २९ जून, सकाळी ९:२०

हो काका, सिलिकॉनचंच. मेकॅनिककाकांनी तेच नाव लिहून दिलं होतं.

कर्वेनगर_वर्षा | ११ ऑक्टोबर, रात्री ९:३५

धागा वर आणते आहे. आमच्याकडे अगदी हाच आवाज आणि हीच तपकिरी ओघळ. मशीन २०१७ चं, मागे रोटरच आहे, कडेला स्क्रूही दिसतात. सई, तुमचं अजून नीट चाललंय का? मेकॅनिककाकांचा नंबर मिळेल? आणि ३७-६६ चं सील आधीच मागवून ठेवू का, दिवाळीपूर्वी व्हायला हवं आहे.

सई_हिंगणे | ११ ऑक्टोबर, रात्री १०:१०

वर्षाताई, साडेतीन महिने रोज एक-दोन फेऱ्या होतात, आवाज नाही, मागे ओघळ नाही. दर महिन्याला झाकण काढून बॅटरी मारून बघते.

नंबर असा उघड्यावर देत नाही, काकांना विचारून तुम्हाला व्यक्तिगत निरोप करते. दिवाळीच्या आधी ते गडबडीत असतात, तेव्हा उद्याच बोला. सील मागवू नका, तुमचा टब उघडल्यावरच माप कळेल. माझं काढलेलं जुनं सील आणि दोन्ही बेअरिंग डब्यात चिठ्ठी लावून ठेवली आहेत, तुलनेला हवी असतील तर घेऊन जा. रोटरच्या बोल्टसाठी मोठा सॉकेट पानाही आमच्याकडे आहे. रविवारी चारनंतर घरीच असते.